बंबात गेलेली गोष्ट

माझे आप्पा फौजेतून सुभेदार होऊन परत आले, ते बर्फात पायाची बोटं गमावता गमावता वाचलेले, एका कानानं कमी ऐकणारे आणि कुणाच्या बापाला न भिणारे. आई म्हणायची, "तुझा बाप यमाला बी म्हनंल, थांब जरा, च्या घिऊन मग जाऊ." हा माणूस आयुष्यात एकाच माणसाला भ्यायला. तो शत्रू नव्हता, फौजदार नव्हता, कारखान्याचा चेअरमनही नव्हता. सांगलीतले एक पांढऱ्या केसांचे, मफलर गुंडाळून फिरणारे समीक्षक होते. त्यांच्या भीतीनं आमच्या घरातली एक फार चांगली गोष्ट खाल्ली. ती परत मिळवायला मी पुष्कळ धडपडले, आणि ती का मिळाली नाही हे अजून माझ्या जिवाला लागून राहिलंय.

आमचं गाव रहिमतपूरजवळ. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणजे पुस्तकांची हमाली करते. आप्पा पेन्शनीत आल्यावर दिवसा उसाला पाणी पाजायचे आणि दिवस कलला की सोप्यावर पाट घेऊन लिहायला बसायचे. लिहिलेलं पहिल्यांदा ऐकायचा मान त्यांच्या शाळासोबत्याचा. त्यांना आम्ही सगळी पोरं चाचा म्हणतो. रहिमतपुरात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आप्पा स्टुलावर बसून वाचायचे आणि चाचा मशीन थांबवून ऐकायचे. मशीन थांबली म्हणजे गोष्ट जमली. चाचा पाय हलवायला लागले की आप्पा न बोलता कागद घडी करून खिशात घालायचे.

ज्या गोष्टीसाठी मशीन सगळ्यात जास्त वेळ थांबली, ती बंदुकीची. गावात एक बडा माणूस. त्याच्या सोप्यावर खुंटीला बंदूक लटकवलेली. तो ती कधी काढत नाही, कुणावर रोखत नाही, तिचं नावही घेत नाही. पण त्याच्या दारावरून जाताना माणसं पायातलं पायताण हातात घेतात. पाण्याची पाळी आपली असली तरी त्याच्या पाटाला सोडतात. कुणी भांडलंच तर दुसरे गावकरीच त्याला दाबतात, "गप रं, बंदूक हाय त्येच्याकडं." शेवटी तो माणूस मरतो. पोरगा परवान्याची बंदूक जमा करायला खाली काढतो, तर नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं आणि घोडा गंजून जाम झालेला. सगळा गाव आ वासून बघत राहतो. तेवढ्यात त्याची म्हातारी बायको उंबऱ्यावर येते आणि म्हणते, "बंदुकीत गोळी कवाच नव्हती, बाबांनू. गोळी तुमच्या पोटात हुती."

मी ही गोष्ट चाचांच्या दुकानात ऐकली, कापडाच्या चिंध्यांवर मांडी घालून. शेवटचं वाक्य आलं तसा अंगावर काटा आला. पुस्तकांच्या कपाटांमध्ये माझी हयात गेलीय, तेव्हा एवढं मी सांगू शकते. जुलमी माणूस कथा-कादंबऱ्यांत एखाद्या पानावर हात उचलतो. बाकी सगळ्या पानांवर त्याचं काम दुसरेच करतात. नोकर, भाऊबंद, शेजारी, बायको. एकमेकांच्या तोंडावर हात ठेवतात आणि त्यालाच शहाणपण म्हणतात. मोठमोठ्या लेखकांना हे सांगायला जाडजूड पुस्तकं लागतात. माझ्या बापानं ते उसाच्या बांधावर बसून एका म्हातारीच्या तोंडून सांगितलं. मी आनंदानं ओरडले, "आप्पा, ह्याचं पुस्तक झालंच पाहिजे!"

झालं. मी पुस्तकाचं नाव काढलं आणि त्यांच्या डोक्यात सांगलीचे ते समीक्षक, म्हणजे सर, शिरले.

आमच्याकडं लग्नाला भटजी लागतो तशी नव्या माणसाच्या पुस्तकाला सरांची प्रस्तावना लागायची. असा कुठं नियम नव्हता. पण सरांची प्रस्तावना नसली की लोक विचारायचे, "का हो, सरांनी नाही म्हटलं काय?" एवढं विचारलं तरी लिहिणाऱ्याचं पाणी व्हायचं. सरांनी कुणाचं पुस्तक पाडलं, असं मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. ज्यांना विचारलं त्यांनीही पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

त्या हिवाळ्यात शेजारच्या एका मोठ्या गावात ग्रामीण साहित्य संमेलन भरलं. मांडव, सतरंज्या, मसालेभात, जिलेबी, सगळं झकास. आप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, मी शेजारी. एका तरुण शिक्षकानं कथा सांगितली, आपल्याकडच्या बोलीत, अगदी चावडीवर बसून सांगावी तशी. माणसं खूश होती. मग अध्यक्ष म्हणून सर उठले. सगळं छान छान बोलले आणि जाता जाता म्हणाले, "चावडीवरच्या गप्पा चावडीवरच बऱ्या. व्यासपीठावर येताना माणसानं पाय धुऊन यावं."

सगळा मांडव हसला. सरांनी नुसतं एक वाक्य टाकलं होतं, त्या मास्तराला मारलं ते हसणाऱ्यांनी. मघाशी त्याच्या कथेला टाळ्या वाजवणारीच ती माणसं. बिचारा पुढं जेवायच्या पंगतीत खाली मान घालून भात चिवडत बसला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आप्पांना म्हटलं, "बघा तुमचे सर!" माझा राग घरी पोचेपर्यंत विरून गेला. आप्पांची भीती मात्र मुक्कामाला आली.

त्यानंतर त्यांचे मला फोन यायला लागले. "बाय, 'हिसका' शुद्ध हाय का गं?" "बाय, 'बोंबलला' असं पुस्तकात चालतं का?" मला वाटलं, कारखान्याला काहीतरी अर्ज लिहितायत, कारण आमच्या घरात शुद्ध भाषेची आठवण फक्त अर्जाला व्हायची. मी थट्टा करायची, "आप्पा, कारखान्यात कोण बोंबललं?" ते हसायचे आणि फोन ठेवायचे.

पुढच्या दिवाळीला मी घरी गेले. पहाटे आईनं उटणं लावलं, बंबातलं पाणी काढून दिलं. मी न्हाणीतून ओरडले, "आई, आज पाणी कडक तापलंय गं!" आई बाहेरून म्हणाली, "तापनारच की." एवढंच बोलणं झालं.

दिवाळीनंतर आप्पा सांगलीला आले, हातात पुठ्ठ्याची फाइल आणि एक काकवीचा डबा. आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. फाटकाच्या आत झाडांना पाणी घालायचा नळ होता. आप्पांनी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि त्या नळाखाली पाय धुतले. घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत बोटं घालून, नीट. मला समजेना काय चाललंय. मग एकदम समजलं आणि मला रडायलाच आलं. मी म्हटलं, "आप्पा, ते तसं नव्हतं हो म्हणायचं." ते म्हणाले, "आसंल. पन धुतल्यानं काय बिघडतंय?"

आत सर दारातच होते. "या, बसा," म्हणाले. आप्पा बसले नाहीत. फाइल पुढं धरून सावधानमध्ये उभे राहिले, ओल्या पायांचे ठसे फरशीवर उमटवत. ज्या माणसापुढं जवान उभे राहायचे, तो असा उभा. सरांनी काकवीचं कौतुक केलं, वाचून कळवतो म्हणाले. परत येताना आप्पा खुशीत होते. मी विचारलं, "कोणती गोष्ट पहिली ठेवलीय?" तर म्हणाले, "बंदुकीची. आता लय झकास झाली हाय, बघ." मला बरं वाटलं.

सरांचा निरोप यायला बराच काळ गेला. एक दिवस ते स्वतःच ग्रंथालयात आले, काठी टेकत. माझ्या टेबलावर फाइल ठेवली. म्हणाले, "तुमच्या वडिलांची कल्पना फार मोठी आहे हो. पण ह्यात माणूस कुठं आहे? तिकडची म्हातारी असं बोलते?" आणि पान उघडून मला दाखवलं. आप्पांच्या टपोऱ्या फौजी अक्षरात लिहिलेलं होतं, "बंदुकीत गोळी कधीही नव्हती. भय आपणा सर्वांच्या अंतःकरणात होते."

मी पुढचं पान उलटलं. तिथंही तेच. पाण्याची पाळी 'जलवितरणाचा क्रम' झाली होती. शिव्या गेल्या होत्या, चेष्टा गेली होती, 'बाबांनू' गेलं होतं. सगळी माणसं भाषण करत होती. ते फोन कोणत्या अर्जासाठी होते, याचा उलगडा मला तिथं झाला.

माझा स्वभाव तसा तापटच. सर म्हणजे कोण, ग्रंथालयात हळू बोलावं, सगळं विसरले. म्हटलं, "सर, तुमच्यामुळं झालंय हे! तुम्हीच बोलला ना संमेलनात, पाय धुऊन या म्हणून? त्यांनी पाय धुतले. तुमच्या नळाखाली धुतले. आणि आधी घरी बसून गोष्टीचेही धुतले!"

सरांनी चष्मा काढला. "मी असं बोललो होतो?" त्यांना आठवतच नव्हतं. खोटं बोलत नव्हते. ते वाक्य त्यांच्या तोंडून सहज सुटलं होतं, जसं आपण 'बसा, चहा घ्या' म्हणतो. ते समोरच्या खुर्चीत बसले, मफलरच्या टोकानं चष्मा पुसला. मग म्हणाले, "किती वर्षं झाली, माझ्याकडं येणारं काहीच मला आवडत नाही. मला वाटायचं, ह्या भागातली लिहिणारी माणसं संपली. माझ्याकडं येताना सगळेच असे पाय धुऊन येत होते की काय?"

माझा सगळा राग गळून गेला. मी त्यांना म्हातारीचं खरं वाक्य म्हणून दाखवलं. "गोळी तुमच्या पोटात हुती." सर खुर्चीतच ताठ झाले. "मूळ कागद आणा," म्हणाले. "मी प्रस्तावना लिहितो. आणि त्या मांडवात काय बोललो होतो, तेही त्यात लिहितो."

शनिवारी मी मिरजेहून गाडी पकडली आणि रहिमतपूरला उतरले. नवस पावल्यासारखी उड्या मारत घरी गेले. आई भाकरी थापत होती. मी विचारलं, "आई, आप्पांचे जुने कागद कुठायत? गोष्टींचे?"

"कुटले? ते व्हय? आगं, दिवाळीला बंबात घातलं की त्येंनी. तूच न्हाई का म्हनलीस, पानी कडक तापलंय म्हून?"

मी तिथंच चुलीपुढं बसले. माझ्या अंगावर त्या दिवाळीला कोणतं पाणी पडलं होतं, ते तेव्हा कळलं.

आप्पा शेतातून आले. मी विचारलं, का जाळलंत? ते शांतपणे म्हणाले, "फौजेत जुना कागद ठिवत न्हाईत, बाय. नवा हुकूम आला की जुना जाळायचा. न्हाईतर कुनीतरी चुकून त्योच वाचतंय आन् घोटाळा हुतोय."

"हुकूम कुणी दिला होता, आप्पा?"

ते पायातल्या वहाणा काढून भिंतीशी सरळ लावायला लागले. "झेरॉक्स तरी काढायची!" मी ओरडले. "चुकीच्या कागदाची झेरॉक्स कशाला?" ते म्हणाले. आई मधे पडली, "आता ओरडून काय राखंतनं येतंय व्हय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय." आप्पा तिच्यावरही रागावले नाहीत. हात धुऊन जेवायला बसले.

सर मूळ गोष्ट मागतायत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते खरंच वाटेना. "तू कायतरी बोलली आसशील रागानं. सरांस्नी वाईट वाटलं आसंल, म्हून म्हनलं आसतील." तरी पुन्हा लिहायला बसले. रोज दिवस कलला की पाट घ्यायचे. दोन ओळी लिहायचे आणि खोडायचे. आई फोनवर सांगायची, "बसत्यात, पन हात हलत न्हाई गं." मी जाऊन बघितलं तर कागदावर 'हाय' लिहिलेलं, त्यावर काट, पुढं 'आहे'. त्यांच्या हाताला आता दुसरं येतच नव्हतं.

सरांचे मला फोन यायचे. "लिहिताहेत का?" म्हणायचे, "मी स्वतः येतो रहिमतपूरला. समोर बसून मागतो. मला भिऊ नका म्हणून सांगतो." मी म्हणायची, या सर, नक्की या. पण त्यांचे गुडघे गेलेले, मग श्वास लागायला लागला, मग मिरजेच्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. थंडी कमी झाली की येतो म्हणाले. थंडी संपायच्या आधी सरच गेले.

मला खरंच वाईट वाटलं. एवढ्या उशिरा तो माणूस मला आवडायला लागला होता. पण खोटं कशाला बोलू, स्मशानातून येताना माझ्या मनात आलं, आता भ्यायचं कुणाला? आता आप्पा मोकळे झाले.

मी घरी जाऊन चाचांना गाठलं. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, चाचा, लिहिणं राहू दे. तुम्ही त्यांना दुकानात बोलवा आणि गोष्ट सांगायला लावा, पहिल्यासारखी. मी फोनवर आवाज भरून घेते आणि तशीच्या तशी उतरवते. चाचा म्हणाले, "त्यात काय, बेटा. आत्ता बोलावतो की." तीच ती जागा, तेच स्टूल. मी चिंध्यांवर बसले. चाचांनी आप्पांसाठी चहा सांगितला. आप्पा खुशीत होते, चाचांची दाढी, पाऊस, उसाची तोड, सगळ्याची चेष्टा चालली होती. "गड्या, तुजी मशीन लय कुरकुरतीय, तेल घाल की रं." सगळं आपलं, घरचं. मला वाटलं, जमलं.

चाचा म्हणाले, "सुभेदार, बंदुकीची गोष्ट सांग की. लय दिवस झालं."

"व्हय की," आप्पा म्हणाले. चाचांनी मशीन थांबवली. मी फोन चालू करून कात्रीशेजारी ठेवला.

आप्पांनी फोनकडं बघितलं. मग पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, घसा साफ केला. "एका गावामध्ये एक प्रतिष्ठित गृहस्थ राहत असत," ते म्हणाले. "त्यांच्या निवासस्थानी एक बंदूक होती."

मी हळूच म्हटलं, "आप्पा, आपल्यासारखं सांगा ना." ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, पुन्हा मिटले. ते मनापासून शोधत होते, ते मला दिसत होतं. घाम फुटला त्यांना. मग पुन्हा तिथूनच सुरू झालं, "त्यांच्या निवासस्थानी..." बडा माणूस मेला, बंदूक खाली काढली, कुंभारणीचं घर निघालं, आणि म्हातारी उंबऱ्यावर येऊन म्हणाली की भय आपणा सर्वांच्या अंतःकरणात होते.

चाचांनी पाय मशीनवर ठेवला, पण हलवला नाही. "आरं सुभेदार," ते म्हणाले, "कुनाच्या घरात बसून बोलायलायस रं तू?"

आप्पांनी फोनकडं बोट केलं. "बंद झाला का त्यो?"

मी बंद केला. तसे त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वाकून, नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाय, सरांस्नी आवडंल न्हवं?"

"आप्पा, सर गेले."

"म्हाईत हाय की मला," ते म्हणाले. "पन आवडलं आसतं न्हवं?"